हिमनद्या आणि काळे किनारे: पुण्याहून आइसलँडला कुटुंबासह जाण्याची तयारी

आइसलँडचा नकाशा समोर ठेवला की संपूर्ण बेटाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता प्रथम नजरेत भरतो आणि तो पुरा करण्याचा मोह होतो. सुमारे 1,300 किलोमीटरचा हा वळसा आठ दिवसांत बसवून दाखवणारी वेळापत्रके हवी तेवढी मिळतात. दोन-चार तरुण मित्रांना तो जमेलही. परंतु बरोबर आठ-दहा वर्षांची मुले असतील आणि कदाचित आजी-आजोबाही असतील, तर दररोज सामान बांधायचे, चार-पाच तास गाडीत बसायचे आणि धबधब्यापाशी वीस मिनिटे थांबून पुढे निघायचे, असा तो प्रवास होतो. त्यापेक्षा फक्त दक्षिण किनारा निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. राजधानी रेक्याविकपासून आग्नेयेकडील हॉफ्न या बंदरापर्यंतच्या साधारण 450 किलोमीटरच्या पट्ट्यात हिमनद्या, हिमनगांनी भरलेली सरोवरे, काळ्या वाळूचे किनारे, पक्ष्यांच्या वस्तीचे कडे आणि ज्वालामुखीच्या राखेची मैदाने हे सारे एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. या पट्ट्यात दोन मुक्काम पक्के करून प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री राहिल्यास हवामान बिघडले तरी कार्यक्रमांची अदलाबदल करता येते, आणि या देशात तशी अदलाबदल करण्याची वेळ हमखास येते.

कधी जावे

पुण्यातील पालकांपुढचा पहिला प्रश्न शाळेचा असतो. राज्य मंडळाच्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर सुरू होत असल्याने त्या शाळांतील मुलांसाठी जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. ज्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते त्यांना मे महिन्याची अखेर साधावी लागते आणि तीही चालण्यासारखी असते. या काळात दक्षिण किनाऱ्यावर दिवसाचे तापमान साधारण 8 ते 13 अंश सेल्सिअस असते, रात्र जवळजवळ नसतेच आणि पफिन पक्षी कड्यांवर घरटी करून असतात. एप्रिलमध्ये आलेले हे पक्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत समुद्रात परत जातात. रात्र नसल्यामुळे ध्रुवीय प्रकाश मात्र या दिवसांत दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा विचार अनेकजण करतात. पण ऑक्टोबरअखेर दिवस आठ-नऊ तासांवर आलेला असतो, वादळे वाढतात आणि अंधारात ओल्या किंवा गोठलेल्या रस्त्यावर अनोळखी गाडी चालवावी लागते. लहान मुले बरोबर असताना पहिल्या भेटीसाठी मी तो काळ सुचवणार नाही.

जूनमधील मध्यरात्रीचा उजेड ही गंमत असली तरी तिचा त्रासही होतो. मुले झोपायला तयार होत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी हिमनदीवर पाय ओढत चालतात. प्रत्येकासाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी आणि घड्याळाप्रमाणेच झोपवावे. आइसलँडचे घड्याळ पुण्याच्या साडेपाच तास मागे असते आणि ते वर्षभर बदलत नाही. त्यामुळे पहिले दोन दिवस सगळे पहाटेच जागे होतात. त्या सवयीचा फायदा घेऊन गर्दीची ठिकाणे सकाळीच उरकावीत.

कागदपत्रे आणि प्रवास

आइसलँड युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. मुख्य मुक्काम ज्या देशात असेल त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो; परंतु एप्रिल-मे महिन्यांत युरोपला जाणाऱ्यांची झुंबड असते, म्हणून जूनच्या प्रवासासाठी भेटीची वेळ फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्यावी. प्रवास विमा किमान 30,000 युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. मुलांसाठी जन्मदाखला आणि शाळेचे पत्र जोडावे आणि आई-वडिलांपैकी एकजणच बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्रही जोडावे. अल्पवयीन मुलांचे पारपत्र पाच वर्षांतच संपते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने ते वैध असले पाहिजे.

पुण्याहून थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीहून फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, कोपनहेगन अशा एखाद्या शहरात विमान बदलून केफ्लाविक विमानतळावर उतरावे लागते. ही शहरे शेंगेन क्षेत्रातच असल्याने पारपत्राची तपासणी तेथेच होते, म्हणून दोन विमानांमध्ये किमान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसले तर ब्रिटनच्या पारगमन व्हिसाचा नियम तपासल्याशिवाय ते काढू नये, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही.

गाडी आणि वारा

कुटुंबासाठी भाड्याची गाडी हाच व्यवहार्य मार्ग आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्याबरोबरच दाखवायचा असतो. आइसलँडमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. गावाबाहेर डांबरी रस्त्यावर ताशी 90 आणि खडीच्या रस्त्यावर 80 किलोमीटर ही मर्यादा आहे, आणि दिवे दिवसाही सुरू ठेवावे लागतात. जून महिन्यात मुख्य रस्त्यासाठी चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी आवश्यक नाही. आतल्या पठारावर जाणाऱ्या, ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या रस्त्यांवर मात्र साधी गाडी नेण्यास मनाई असते आणि तेथे नद्या पुलाविना ओलांडाव्या लागतात. ते रस्ते या सहलीत नकोतच.

काही गोष्टी पुण्यातील वाहनचालकाला नव्याने शिकाव्या लागतील. दक्षिण किनाऱ्यावर अजूनही काही पूल एकेरी आहेत; जो आधी पोहोचतो तो आधी जातो, दुसरा शांतपणे थांबतो, आणि हॉर्न वाजवण्याचा प्रश्न येत नाही. छायाचित्रासाठी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करता येत नाही, ठरवून दिलेल्या थांब्यावरच ती न्यावी लागते. रस्ता सोडून शेवाळावर किंवा वाळूत गाडी घालणे हा जबर दंडाचा गुन्हा आहे, कारण तेथील शेवाळाला पुन्हा वाढायला अनेक दशके लागतात. जूनमध्ये मेंढ्या आणि त्यांची कोकरे मोकळी सोडलेली असतात. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले की ते ऐन वेळी आईकडे धावणार असे समजूनच वेग कमी करावा.

खरा शत्रू पावसापेक्षा वारा आहे. तेथील हवामान खाते वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देते. 15 मीटर म्हणजे ताशी 54 किलोमीटर आणि 20 मीटर म्हणजे ताशी 72 किलोमीटर, एवढे गणित पाठ असावे. अंदाज 15 च्या पुढे गेला की उंच गाडी किंवा झोपण्याची सोय असलेली व्हॅन चालवणे धोक्याचे होते, आणि 20 च्या पुढे लहान मुलांना घेऊन बाहेर पडूच नये. म्हणूनच मी कुटुंबांना कॅम्परव्हॅनपेक्षा साधी गाडी आणि स्वयंपाकघर असलेले अतिथिगृह सुचवतो. गाडीचा दरवाजा उघडताना तो नेहमी दोन्ही हातांनी धरावा; वाऱ्याने उलटा फिरून बिजागऱ्या मोडण्याचे प्रकार तेथे इतके होतात की भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात हे नुकसान बहुधा येत नाही. मागच्या आसनावरील मुलांनी स्वतः दार उघडायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. मिर्दाल्ससांदुर आणि स्केइदारारसांदुर या मैदानांवर जोराचा वारा सुटला की राख आणि वाळू उडून रंग खरवडला जातो, म्हणून वाळूच्या नुकसानीचा वेगळा विमा घेतलेला बरा. इंधन विक, किर्क्युबायार्क्लाउस्तुर, फ्रेइस्नेस आणि हॉफ्न येथे मिळते. पंपावर बहुधा माणूस नसतो, त्यामुळे पिन असलेले कार्ड परदेशी व्यवहारांसाठी आधीच सुरू करून घ्यावे.

दररोज रात्री आणि सकाळी तीन गोष्टी पाहायच्या: हवामान खात्याचा वाऱ्याचा नकाशा, रस्ते विभागाचा रस्त्यांच्या स्थितीचा नकाशा आणि सेफट्रॅव्हल या संकेतस्थळावरील इशारे. आपत्कालीन क्रमांक 112 आहे आणि त्याच नावाचे ॲप फोनमध्ये घेतल्यास आपले ठिकाण एका कळीने बचाव यंत्रणेला कळवता येते.

पुण्यातच करायचा सराव

हिमनदीवरची चाल अवघड नसते, परंतु ती थंड वाऱ्यात तीन तास करावी लागते. दोन महिने आधीपासून दर रविवारी वेताळ टेकडी किंवा तळजाई, आणि मग महिन्यातून दोनदा सिंहगड पायी चढणे एवढी तयारी मुलांना आणि आई-वडिलांना पुरते. आजी-आजोबांनी पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढता येतात का, हे पाहावे. तेवढे जमत असेल तर या सहलीतील बहुतेक ठिकाणे त्यांच्या आवाक्यात आहेत.

कपड्यांबाबत मात्र आपली पावसाळ्यातील सवय उपयोगाची नाही. सिंहगडावर जुलैमध्ये सुती टी-शर्ट आणि जीन्स भिजली तरी बिघडत नाही, कारण हवा 20 अंशांच्या आसपास असते. 9 अंशांच्या वाऱ्यात भिजलेले सुती कापड अंगातील उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि लहान मूल अर्ध्या तासात थरथरू लागते. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट आणि पँट असे तीन थर प्रत्येकाला हवेत. छत्री आणि पोंचो घरीच ठेवावेत. तेथील वाऱ्यात दोन्हींचा उपयोग शून्य आहे. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, टणक तळाचे बूट आवश्यक आहेत, कारण बर्फावर चालण्याचे काटेरी तळ त्यांच्यावरच नीट बसतात. बूट अर्धा क्रमांक मोठे घ्यावेत, जाड मोजे घालून मापावेत आणि निघण्यापूर्वी निदान पन्नास किलोमीटर तरी वापरावेत. मुलांसाठी हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. एक नक्की भिजतो.

खाण्याचा प्रश्न पैशाशी जोडलेला आहे. आइसलँडमध्ये बाहेर जेवणे फार महाग पडते आणि लहान गावांत शाकाहारी पर्याय मोजकेच असतात. बोनुस आणि क्रोनान ही स्वस्त किराणा दुकाने आहेत. भाज्या, डाळी, तांदूळ, ब्रेड आणि दही तेथे मिळते. पुण्याहून भाजणी, मेतकूट, पोहे, भाजलेला रवा, गोडा मसाला आणि बाकरवडी न्यावी; हिमनदीवरच्या थांब्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणि गूळ-दाणे उत्तम. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ आणि मांसाचे कोणतेही पदार्थ मात्र नेऊ नयेत, कारण युरोपबाहेरून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. नळाचे थंड पाणी जगातील स्वच्छ पाण्यांपैकी आहे, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. गरम पाण्याला काही ठिकाणी गंधकाचा वास येतो. तो भूगर्भातील उष्णतेचा वास आहे, नळ बिघडल्याचा नाही.

पहिला मुक्काम: स्कोगार ते विक

केफ्लाविकला उतरल्यावर त्याच दिवशी लांबचा प्रवास करू नये. रात्रभर विमानात बसलेल्या चालकाने उजव्या बाजूने गाडी चालवणे हे संकटाला आमंत्रण आहे. पहिली रात्र विमानतळाजवळ किंवा रेक्याविकला काढून दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे निघावे. विक तेथून सुमारे अडीच-तीन तासांवर आहे. वाटेत सेल्यालांड्सफॉस हा सुमारे 60 मीटर उंचीचा धबधबा लागतो, ज्याच्या मागून पायवाट जाते. तेथे सगळे भिजतात, म्हणून वरचा जलरोधक थर गाडीतून उतरतानाच घालावा. स्कोगाफॉसही जवळपास तेवढाच उंच आहे. त्याच्या बाजूला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत; आजी-आजोबांनी खालीच थांबावे, कारण धबधब्याचे खरे रूप खालूनच दिसते.

2010 मध्ये ज्याच्या राखेने युरोपची विमाने कित्येक दिवस जमिनीवर खिळवली तो एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखी याच रस्त्याच्या डोक्यावर आहे. विकच्या मागे मिर्दाल्सयोकुल या हिमाच्छादनाखाली कात्ला आहे. कात्लाचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 मध्ये झाला. बर्फाखाली उद्रेक झाला की वितळलेल्या पाण्याचा प्रचंड लोंढा येतो, म्हणून गावातील लोकांनी टेकडीवरच्या चर्चकडे जायचे असे ठरलेले आहे. मुलांना ते चर्च दाखवून कारण सांगावे. भूगोलाच्या पुस्तकातील धडा त्यांना एका दृष्टिक्षेपात कळतो.

सोल्हेमायोकुल ही हिमनदी मुलांच्या पहिल्या ओळखीसाठी योग्य आहे. वाहनतळापासून सपाट वाटेने तिच्या समोरच्या सरोवरापर्यंत चालत जाता येते. जवळच्या ह्वोल्सव्होल्लुर गावातील शाळेची मुले 2010 पासून दरवर्षी या हिमनदीचे मागे सरणे मोजतात आणि त्या नोंदींच्या पाट्या वाटेवर लावलेल्या असतात. सुरुवातीला जेथे बर्फ होता तेथे आज खोल पाणी आहे. आपल्या मुलांनी त्याच वयाच्या मुलांचे हे मोजमाप वाचावे आणि पाटीपासून बर्फापर्यंतचे अंतर डोळ्यांनी पाहावे, यासाठी अर्धा दिवस खुशाल राखून ठेवावा.

रेनिसफियारा हा काळ्या वाळूचा किनारा विकजवळ आहे आणि या सहलीतील सर्वांत धोकादायक जागा तीच आहे. तेथील कड्याला षट्कोनी दगडी खांबांची रांग आहे. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला अशा भेगा पडतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्या मुलांना हे खांब लगेच ओळखू येतील. दोन्हीकडचा खडक बेसॉल्टच आहे. फरक वयाचा आहे: दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तर आइसलँडमध्ये जमिनीवर दिसणारा जुन्यातला जुना खडकही दोन कोटी वर्षांच्या आतला.

लाटांचे मात्र तसे नाही. आपल्या अनुभवातील काहीही येथे लागू पडत नाही. गुहागर किंवा दिवेआगरला तळ हळूहळू खोल होतो, म्हणून लाट आधीच फुटून थकून येते. येथे किनाऱ्यालगत तळ एकदम खोल जातो आणि उघड्या अटलांटिकवरून दूरवरून आलेली लाट पूर्ण जोरासह वाळूवर चढते. पाच-सहा साध्या लाटा झाल्यावर अचानक एक लाट कितीतरी पुढे येते, पायाखालची वाळू ओढून नेते आणि माणसाला पाण्यात घेऊन जाते. अनेक पर्यटकांचे जीव येथे गेले आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये एका लहान मुलीचाही गेला. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर ओहोटीच्या वेळेशिवाय जायचे नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सावधगिरी पटवून द्यावी लागणार नाही. पण येथे ओहोटीतही धोका कायम असतो, एवढे लक्षात ठेवावे. वाहनतळाजवळ लाटांच्या अंदाजानुसार बदलणारे इशाऱ्याचे दिवे आहेत. लाल दिवा असेल तर खाली वाळूवर उतरूच नये. इतर वेळीही ओल्या वाळूपासून तीस-चाळीस मीटर दूर राहावे, समुद्राकडे पाठ करू नये आणि दहा वर्षांखालील मुलाचा हात सोडू नये. गुहेत किंवा खांबांवर चढून छायाचित्र काढणे सर्वांत वाईट, कारण लाट आली की तेथून मागे जायला जागा नसते.

शेजारच्या डिर्होलेय भूशिरावरून हाच किनारा उंचावरून सुरक्षितपणे दिसतो आणि पफिनही जवळून पाहता येतात. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे मे-जूनमध्ये, येथे वेळेचे निर्बंध असतात, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करावी. पफिन बिळांत घरटी करतात, म्हणून कड्याच्या टोकाची हिरवळ आतून पोकळ असते. दोरीच्या आतच राहावे. आर्क्टिक कुररी या छोट्या पांढऱ्या पक्ष्याच्या वसाहतीजवळून जावे लागले तर तो डोक्यावर टोच मारतो. चालण्याची काठी डोक्याच्या वर उभी धरली की तो काठीच्या टोकावर हल्ला करतो आणि डोके वाचते.

एक दिवस वेस्टमान बेटांसाठी ठेवावा. लांडेयाहॉफ्न येथून फेरीबोट साधारण 40 मिनिटांत हेमाये बेटावर नेते. तेथे 23 जानेवारी 1973 च्या पहाटे गावाच्या कडेलाच जमीन फाटून ज्वालामुखी जागा झाला. सुमारे पाच हजार माणसे त्याच रात्री मासेमारीच्या बोटींतून बाहेर काढली गेली आणि पुढे बंदराकडे सरकणारा लाव्हा समुद्राचे पाणी मारून थंड करण्यात आला. त्या उद्रेकातून तयार झालेली एल्डफेल टेकडी साधारण 200 मीटर उंच आहे. सिंहगड चढणारी मुले ती सहज चढतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी आणि बोटीच्या मध्यभागी बसावे. समुद्र खवळला तर ही फेरी दूरच्या थोरलाक्सहॉफ्न बंदरावरून सुटते आणि प्रवास जवळजवळ तीन तासांचा होतो. तसे झाले तर बेत सरळ रद्द करून स्कोगारचे लोकसंग्रहालय आणि तेथील गवताच्या छपरांची जुनी घरे पाहावीत.

दुसरा मुक्काम: स्काफ्ताफेल ते हॉफ्न

विकहून पूर्वेकडे जाताना शेवाळाने झाकलेला लाव्हा मैलोन्‌मैल दिसतो. तो 1783-84 च्या लाकी उद्रेकाचा आहे. पुढे स्केइदारारसांदुर हे राखेचे मैदान लागते. येथील पूल 1974 मध्ये झाले तेव्हाच बेटाभोवतीचा रस्ता पूर्ण झाला. 1996 च्या शरदात व्हात्नायोकुल या हिमाच्छादनाखाली उद्रेक झाला आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या लोंढ्याने हे पूल मोडून नेले. पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याच्या कडेला जपून ठेवल्या आहेत. दहा मिनिटे थांबण्यासारखी जागा आहे.

व्हात्नायोकुलचे हिमाच्छादन देशाच्या सुमारे 8 टक्के भागावर पसरले आहे. त्याभोवतीचे राष्ट्रीय उद्यान 2008 मध्ये स्थापन झाले आणि 2019 मध्ये जागतिक वारसा यादीत आले. हिमनदीवरील चालण्याच्या सहली याच उद्यानातील स्काफ्ताफेलहून निघतात. साध्या, साधारण तीन-साडेतीन तासांच्या सहलीसाठी वयाची अट आयोजकानुसार 8 किंवा 10 वर्षे असते आणि मुलांच्या बुटांच्या किमान मापाचीही अट असते, कारण त्यापेक्षा लहान काटेरी तळ उपलब्ध नसतात. आरक्षण करताना या दोन्ही गोष्टी लेखी विचाराव्यात. वाटाड्याशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नये, अगदी कडेलाही नाही. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फात भेगा आणि पाण्याने कोरलेल्या उभ्या विहिरी असतात.

बर्फावर चालण्याची पद्धत मुलांना आधी घरीच समजावून द्यावी. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून ठेवायचे, म्हणजे एका पायाचे काटे दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकत नाहीत. बहुतेक पडणे याच कारणाने होते. पूर्ण तळवा एकदम टेकायचा, टाच किंवा चवडा आधी नाही. उतारावर गुडघे किंचित वाकवून सरळ खाली पावले टाकायची आणि पळायचे नाही. बुटांच्या नाड्यांची टोके आत खोचायची. हातमोजे घालूनच चालायचे, कारण हिमनदीचा बर्फ खरखरीत काचेसारखा असतो आणि पडल्यावर तळहात सोलतो. वर पोहोचल्यावर मुले दोन प्रश्न हमखास विचारतात: बर्फ निळा का, आणि काळा का? वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यातील हवा निघून गेलेली असते, असा घट्ट बर्फ प्रकाशातील लाल रंग शोषून घेतो आणि निळा उरतो. काळे पट्टे जुन्या उद्रेकांच्या राखेचे असतात.

बर्फातील गुहांची जाहिरात उन्हाळ्यातही दिसेल. नैसर्गिक हिमगुहा हा साधारण नोव्हेंबर ते मार्च या थंड महिन्यांतील प्रकार आहे. ऑगस्ट 2024 मध्ये ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर अशा सहलीत बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला. जूनमध्ये कोणी कितीही आग्रह केला तरी मुलांना गुहेत नेऊ नये.

हिमनदीवर न येणाऱ्यांनी त्या वेळात स्वार्तिफॉसची वाट धरावी. ती उद्यानाच्या केंद्रापासून पाऊण तासाची चढण आहे आणि वर काळ्या स्तंभांवरून पडणारा धबधबा आहे. गुडघे दुखणाऱ्यांना हीही नको वाटली तर केंद्रातच बसून हिमनद्यांविषयीची मांडणी पाहता येते.

योकुलसारलोन हे हिमनगांचे सरोवर स्काफ्ताफेलपासून पाऊण तासावर आहे. 1930 च्या दशकात ब्रेइदामेर्कुरयोकुल मागे सरू लागली तेव्हा ते तयार झाले. आज ते देशातील सर्वांत खोल सरोवर असून त्याची खोली 248 मीटरपेक्षा जास्त आहे. पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या मोठ्या बोटीतून अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मिळते. तिच्यात आजी-आजोबा आणि लहान मुले दोघांनाही बसता येते. वेगवान रबरी झोडियाक बोट हिमनदीच्या कड्यापर्यंत जाते, पण तिला साधारण 10 वर्षांची आणि उंचीची अट असते. कयाकसाठी बहुतेक ठिकाणी बारा-चौदा वर्षे पूर्ण लागतात. मुलांची वये वेगवेगळी असतील तर पालकांनी आळीपाळीने जाण्याचे आधीच ठरवावे, नाहीतर काठावर रडारड होते. काठाशी आलेल्या हिमनगांवर चढणे ही जीवघेणी चूक आहे. त्यांचा बहुतांश भाग पाण्याखाली असतो आणि ते कोणत्याही क्षणी उलटतात. पुलाखालून वाहून गेलेले तुकडे समोरच्या काळ्या वाळूवर येऊन पडतात. तेथेही लाटांचा नियम रेनिसफियाराचाच पाळावा. गर्दी नको असेल तर दहा किलोमीटर पश्चिमेला फ्याल्सारलोन आहे. माझ्या मते लहान मुलांना तेच अधिक आवडते, कारण हिमनदी तेथे अगदी समोर दिसते.

वारा सुटून सर्व बेत बारगळले की पोहण्याचा तलाव गाठावा. विक आणि हॉफ्नसारख्या गावांत भूगर्भातील उष्णतेने किंवा विजेने तापवलेल्या पाण्याचे सार्वजनिक तलाव असतात. पाऊस पडत असताना 38-40 अंशांच्या पाण्यात बसण्याचे सुख मुले वर्षभर आठवतात. येथे एक नियम आपल्याला अवघड वाटतो: पाण्यात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे काढून, साबण लावून स्नान करावेच लागते, आणि पुरुष व स्त्रियांची स्नानगृहे वेगळी असली तरी ती बहुधा सामायिक असतात. पाण्यात क्लोरीन कमी ठेवतात म्हणून हा नियम काटेकोर आहे. मुलांना आधी सांगून ठेवल्यास प्रसंग सहज पार पडतो. दहा वर्षांखालील मुलांबरोबर किमान पंधरा वर्षांची व्यक्ती हवी.

परतीच्या वेळी योकुलसारलोनहून रेक्याविकपर्यंतचे सुमारे 380 किलोमीटर एका दिवसात कापता येतात, परंतु विमानाच्या दिवशीच ते ठेवू नयेत. वाऱ्यामुळे मैदानावरचा रस्ता काही तास बंद झाला तर दुसरा मार्ग नाही. शेवटची रात्र रेक्याविकमध्ये काढावी, बूट वर्तमानपत्र कोंबून वाळवावेत, आणि गाडी परत करण्यापूर्वी टाकी भरून, काचेवरील व रंगावरील प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे.